अर्थिंगच्या केबलला कारणे दाखवा

प्रति,
श्री. अर्थिंग केबल काळे,
बॅटरीच्या उणे टोकापासून इंजिनाच्या अंगापर्यंत,
एअर फिल्टरच्या डब्याखाली, भंडारा

विषय : हजेरीपटावर सही करून काम न करणे आणि ठपका दुसऱ्यांवर जाऊ देणे.

महोदय,

जिल्हा परिषदेच्या आस्थापना शाखेत माझी उभी हयात गेली. त्यामुळे कोणावर रागवायचं असलं तरी आधी विषय लिहावा लागतो, मग राग येतो. आपल्या बाबतीत राग विषयाच्या आधी आला, याची नोंद घ्यावी. पत्र खुलं ठेवलं आहे, कारण प्रकरण बॉनेटखालचं असलं तरी तमाशा भर रस्त्यात झाला. पहाटे मफलर गुंडाळलेली सभ्य माणसं डिझेलच्या गाडीला धक्का मारत खात रोडने नेत आहेत, हे दृश्य आमच्या वॉर्डाने गॅलरीत चहा पीत पाहिलं. फुकट पाहिलं. झाडीपट्टीच्या नाटकाला निदान तिकीट काढावं लागतं.

आपली नेमणूक कशासाठी आहे, हे आधी कागदावर येऊ द्या. बॅटरीच्या अधिक टोकातून निघालेली वीज लाल केबलीतून सेल्फमध्ये जाते, इंजिन फिरवते आणि उणे टोकाकडे परत येते. तिच्या परतीचा रस्ता म्हणजे आपण. जेवढी गेली तेवढीच परत आली पाहिजे. यात कुठल्याही शासन निर्णयाने सवलत मिळत नाही. म्हणजे काम लाल केबलीइतकंच, श्रेणी तीच. पण लाल केबलीला रबरी टोपी, झाकण, सगळ्यांचं लक्ष, आणि आपल्याला इंजिनाच्या बुडाशी एक बोल्ट व वर चिखल. हा भेदभाव आहे, मान्य. भेदभाव झाला म्हणून काम बंद करणारे आमच्या कार्यालयातही होते. पण ते चहाच्या वेळेला सापडायचे. आपण कधी सापडलाच नाहीत.

आपला बचाव काय असेल तेही ठाऊक आहे. थंडी! पूर्व विदर्भाच्या थंडीला कमी लेखावं असं मी म्हणत नाही. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचा पारा ३.५ अंशांवर आला होता, आणि आमचा जिल्हा तिथून काही लांब नाही. त्यात हा तलावांचा जिल्हा. वैनगंगेवर सकाळी धुकं बसलं की पलीकडचा काठ दिसत नाही, आणि अंगणात उभ्या राहिलेल्या गाडीच्या पत्र्यावरून पाणी ओघळतं. ऐन त्या दिवसांत अड्याळकडच्या शेतावर धानाची मळणी चाललेली असते, मजूर उजाडताच येऊन बसतात, आणि मालकाची गाडी मात्र घरापुढे घर्रऽऽ घर्रऽऽ करत असते. दुपारी हीच गाडी चावी फिरवताच सुरू होते. म्हणून गावभर निदान ठरलं : थंडीमुळे. बास, फाइल बंद.

थंडीवर ठपका ठेवण्याची सोय ही की तिला नोटीस बजावता येत नाही.

मग थंडीने नेमकं काय केलं, यावर आमच्या फाटकाशी समिती बसली. पहिला अहवाल शेजारच्या काकांचा : डिझेल गोठलं. आत्मविश्वास असा की जणू टाकीत डोकं घालून पाहिलं. भारतीय मानकात हिवाळ्यात विकल्या जाणाऱ्या डिझेलचं गोठायच्या बेताला येण्याचं तापमान ३ अंशांपेक्षा जास्त असता कामा नये, असं बंधन आहे. आमचा पारा दहाच्या आसपास होता. डिझेल खरोखर कुठे गोठतं? लडाखमध्ये. म्हणून तर इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये पानिपतच्या कारखान्यातून लडाखसाठी वेगळं हिवाळी डिझेल काढलं, जे उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. खात रोडला अजून तेवढा दर्जा मिळालेला नाही.

दुसरा अहवाल : हीटर प्लग गेले. यात थोडी अक्कल होती. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. हवा सोळा-अठरा पट दाबली की ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्या आचेवर डिझेल पेट घेतं. थंड इंजिनात ती आच लोखंडच शोषून घेतं, म्हणून हीटर प्लग आधी आतली हवा गरम करतात. डॅशबोर्डवरचं पिळाचं चिन्ह विझेपर्यंत थांबायचं असतं ते याचसाठी. पण हीटर प्लग गेले तर सेल्फ झपाझप फिरतो, इंजिन तेवढं पेटत नाही, आणि मागून पांढरा धूर येतो. आमच्याकडे धूर नव्हताच. सेल्फच फिरत नव्हता. फिरत होता, पण सोमवारी सकाळी टपाल शाखेतून फाइल फिरावी तसा.

खरं म्हणजे या एका फरकापाशीच निम्मी चौकशी संपते. चावी फिरवल्यावर कान लावायचा. सेल्फ जोरात फिरतोय आणि गाडी घेत नाही, तर डिझेल, हवा, हीटर प्लग, फिल्टर, म्हणजे इंधनाकडे बघायचं. सुरू होऊन लगेच बंद पडते, तर डिझेलच्या नळीत रात्रभर हवा शिरली का ते बघायचं. आणि सेल्फच रडत फिरतोय, तर इंधनाला हातही लावायचा नाही. बॅटरी, केबली, सेल्फ. बास, तीनच संशयित. पण कान लावायला गप्प बसावं लागतं, आणि आमच्या फाटकाशी ती परंपरा नाही.

तिसरा अहवाल फोनवरून आला, पुण्याहून. भाचा तिकडे सॉफ्टवेअरमध्ये आहे, तेव्हा हार्डवेअरही त्याच्याकडेच. "मामा, ऑइल बदला, पातळ घाला." ऑइलच्या डब्यावर १५डब्ल्यू-४० असं जे लिहिलेलं असतं, त्यातल्या १५डब्ल्यूची थंडीतली परीक्षा उणे २० अंशांवर घेतात. भंडाऱ्याच्या पहाटेला त्या ऑइलच्या दृष्टीने चैत्र चालू असतो. ऑइल थोडं घट्ट होतं, सेल्फवर ओझं वाढतं, एवढं खरं. पण ओझं वाढलं म्हणून धट्टाकट्टा सेल्फ गुडघे टेकत नाही.

आणि मग सगळे मिळून बॅटरीवर घसरले.

इथे, काळेसाहेब, आपल्या कारस्थानाला मी मनापासून दाद देतो. आस्थापना शाखेत इतकी वर्षं काढूनही दुसऱ्याच्या सेवापुस्तकात लाल शेरा लिहवून घेण्याची इतकी सफाई मी पाहिलेली नाही. झालं असं. एका सकाळी शेजाऱ्याने आपली गाडी नाकासमोर आणून लावली आणि जंपर काढले. माणूस शिस्तीचा. पुस्तकात लिहिलंय तसं त्याने लाल चिमटे दोन्ही बॅटऱ्यांच्या अधिक टोकांना लावले, काळा चिमटा स्वतःच्या बॅटरीच्या उणे टोकाला लावला, आणि शेवटचा काळा चिमटा आमच्या बॅटरीला न लावता आमच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावला. तसाच लावायचा असतो. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्याच्याजवळ ठिणगी नको म्हणून. चावी फिरवली. गाडी पहिल्या हाकेला सुरू! सगळ्यांनी एका सुरात निकाल दिला : दुसऱ्याची बॅटरी लावल्याबरोबर सुरू झाली, म्हणजे आपली बॅटरी मेली.

कोणाच्याही लक्षात आलं नाही की तो शेवटचा काळा चिमटा थेट इंजिनाला लागला होता. म्हणजे विजेला परत जायला नवा रस्ता मिळाला होता. आपल्याला वळसा घालून! मदत बॅटरीला झाली असं दिसलं. खरं तर सुट्टी आपल्याला मिळाली होती. नियमाप्रमाणे केलेल्या कामानेच निर्दोष माणूस अडकला आणि आपण एअर फिल्टरच्या डब्याखाली काळे ते काळेच राहिलात.

बॅटरीची बदली झाली. दुकानदाराने जुनी बॅटरी वजनावर घेतली, शिसं असतं ना. १८५९ साली गास्तों प्लाँते या फ्रेंच माणसाने शिशाच्या पत्र्यांची बॅटरी केली तेव्हापासून तिच्या मेल्या अंगालाही भाव आहे. जुनीला एकदा मीटर लावून बघू, असं तो म्हणाला नाही. विकणाऱ्याने का म्हणावं? पूर्ण भरलेली बॅटरी रात्रभर निवांत पडल्यावर १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी, आणि सेल्फ मारताना ती ९.६ च्या खाली कोसळली तर तिचं वय झालं. हा सगळा पाच मिनिटांचा कारभार आहे. नवी बॅटरी बसली आणि गाडी काही दिवस शहाण्यासारखी वागली, कारण ताज्या बॅटरीच्या अंगात जोर जास्त. आपण मध्ये जेवढं खात होतात तेवढं खाऊनही सेल्फपुरतं उरत होतं. निकाल बरोबर होता याचा तो पुरावाच ठरला. चुकीच्या निदानाला चार दिवसांचा गुण आला की त्याच्याइतकं पक्कं दुसरं काही नसतं. वैदूंचा अख्खा धंदा त्यावर उभा आहे.

मग जानेवारीतली थंडीची लाट आली, आणि पुन्हा घर्रऽऽ.

आता पर्यायही उरलेला नाही, हे आपल्याला पक्कं माहीत होतं. आमच्या काळी जिल्हा परिषदेच्या जीपला हँडल असायचं. साहेब आत बसलेले, ड्रायव्हर चावीशी, आणि शिपाई बाहेर वाकून हँडल फिरवतोय, अशा थाटात दौरे निघत. ते हँडल उलटं झटकलं की मनगट जायचं. त्या मनगटांपायीच जगाला सेल्फ मिळाला. चार्ल्स केटरिंग याने तो बनवला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत तो पहिल्यांदा रस्त्यावर आला. चांगलं झालं. फक्त आता बॅटरी, सेल्फ आणि आपण, या साखळीत एकाने अंग काढलं की धक्क्याखेरीज गती नाही. तोही दर वेळी बरा नाही : गिअर आपोआप बदलणारी गाडी धक्क्याने सुरू होत नाही, आणि नव्या गाड्यांत धूर शुद्ध करणारी जी यंत्रणा असते तिच्यात न जळलेलं इंधन जाणं बरं नसतं.

शेवटी मी मिस्त्रीकडे गेलो. आधीच का नाही गेलो, असं आपण विचाराल. दोषी माणसं असेच प्रश्न विचारतात. त्याचं गॅरेज म्हणजे टिनाचं एक छप्पर. त्याने बॉनेट उघडलं, नवी बॅटरी पाहिली आणि माझ्याकडे वळला.

"काकाजी, ब्याटरी नवी टाकली का जी?"

"हो."

"काहाले टाकली? जुनीले काही इचारलं होतं का?"

उत्तराची वाट न बघता त्याने मीटर काढला. भाच्यानेही दिवाळीला मीटर लावला होता, बरं का. आपल्या दोन टोकांना मीटरची दोन टोकं टेकवून त्याने बीप ऐकली होती आणि "तार शाबूत आहे मामा" म्हणून जाहीर केलं होतं. मिस्त्रीला हे सांगितलं तर तो हसला. "बीप त एका धाग्यावर बी वाजते. तिले ओझं उचलून दाखवाले सांगा." मीटर तपासताना जी वीज सोडतो ती मिलिअँपिअरमध्ये असते. आपल्या अंगातला तांब्याचा एक बारीक धागा शिल्लक असला तरी ती सुखाने पार होते. सेल्फ मात्र थंड डिझेल इंजिन फिरवताना दोनशे अँपिअरच्या घरात ओढतो. मुलाखतीत बोलका आणि कामात ठप्प, असे उमेदवार मी खूप पाहिलेत.

म्हणून त्याने परीक्षा ओझ्याखाली घेतली. मी चावी फिरवायची, त्याने मीटर बघायचा. इंजिन पेटू नये म्हणून डिझेल पंपाची जोडणी काढून ठेवली. आधी बॅटरीच्या दोन टोकांवर : १०.८ व्होल्ट. ठणठणीत. मग सेल्फच्या अंगावर, त्याच्या लाल टोकापासून त्याच्या लोखंडापर्यंत : ८.३. मधल्या मध्ये अडीच व्होल्ट गडप. आता कोणी खाल्ले? लाल केबलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजलं : ०.३. जरा भूक आहे, पण माफ. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या उणे खुंटीवर, नेमकं खुंटीवर, क्लॅम्पवर नाही. दुसरं टोक इंजिनाच्या उघड्या लोखंडावर. सेल्फ मारला. २.२!

इथे ०.२ च्या आसपास असायला हवं होतं. आपण दहापट खात होतात.

सापडलात, काळेसाहेब.

आणि सापडलात तेही कोणाच्या हाताने? जर्मनीत कोलोनच्या शाळेत पोरांना गणित-विज्ञान शिकवणारे गेओर्ग ओहम म्हणून एक मास्तर होते. त्यांनी १८२७ साली पुस्तक लिहून सांगितलं की तारेत जेवढा अडथळा आणि जेवढी वीज, त्यांच्या गुणाकाराइतका दाब वाटेत पडतो. त्यांच्या देशात कोणी फारसं मनावर घेतलं नाही; १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कॉप्ली पदक दिलं तेव्हा कुठे किंमत कळली. तो नियम आपल्याला लावून बघा. आपल्यातला अडथळा ओहमच्या जेमतेम शंभराव्या भागाएवढा. केबिनमधला दिवा दोन अँपिअरसुद्धा ओढत नाही. तेवढी वीज आपल्यातून गेली तरी चोरी व्होल्टच्या पन्नासाव्या भागाची. कोणाला दिसणार? शिवाय दिवे आणि हॉर्न यांची परतीची वाट बॉडीवरून, वेगळ्या छोट्या तारेने जाते. त्यांचा आपल्याशी संबंधच नाही. म्हणून दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, आणि बघणारा म्हणतो वीज तर भरपूर आहे. दुपारी इंजिन कोमट, ऑइल पातळ, सेल्फला कमी वीज लागते, म्हणून चोरीही कमी. पहाटे ऑइल घट्ट, बॅटरीतली रसायनं सुस्त, सेल्फची मागणी सगळ्यात जास्त, आणि नेमका तेव्हाच आपला हात सगळ्यात मोठा. थंडीने गुन्हा केला नाही; तिने आपली मिळकत वाढवली. दोनशे अँपिअर गुणिले २.२ व्होल्ट, म्हणजे चारशे चाळीस वॅट. लोक रस्त्यावर कुडकुडत धक्का मारत होते आणि आपण त्या विजेवर बॉनेटखाली स्वतःपुरती शेकोटी पेटवून बसला होतात. मिस्त्रीने सेल्फ मारून झाल्यावर आपल्यावर हात ठेवला आणि मलाही ठेवायला लावला. इंजिन गार, बॅटरी गार. आपण ऊबदार.

ज्याच्याकडे मीटर नाही त्यालाही एवढं करता येतं : सेल्फ मारून थांबायचं आणि केबलीच्या टोकांना हात लावून बघायचा. बेतानेच, कारण कधी चटका बसतो. आपल्यासारखे पूर्णच तुटले तर आणखी वाईट. वीज परत जायला दुसरी वाट शोधते, आणि जुन्या गाडीत ती वाट म्हणजे क्लचची किंवा ॲक्सिलरेटरची पोलादी केबल. ती बिचारी दोनशे अँपिअर उचलायला भरती झालेली नसते. तापते, तिचं प्लॅस्टिक वितळतं, आणि मालक क्लच दुरुस्त करत बसतो. म्हणजे बदनामीसाठी पुढचा माणूसही आपण ठरवून ठेवला होतात.

तरीही मिस्त्रीने एकतर्फी निकाल दिला नाही. नैसर्गिक न्याय म्हणतात तो त्याला आमच्या विधी शाखेपेक्षा जास्त कळतो. त्याने जंपरची एकच केबल घेतली. दुसऱ्याची गाडी नाही, दुसरी बॅटरी नाही. एक चिमटा आमच्याच बॅटरीच्या उणे खुंटीवर, दुसरा इंजिन उचलायच्या लोखंडी हुकावर. डिझेल पंपाची जोडणी परत लावली. "मारा काकाजी." गाडी अशी सुरू झाली की गॅरेजमधलं कुत्रं उठून बसलं. आपल्या पदाचा प्रभार पाच मिनिटं एका जंपरकडे दिला आणि काम झालं. एखाद्या पदावर माणूस असताना काम अडतं आणि प्रभारी येताच सुटतं, याचा अर्थ लावायला मला सेवानियमांचं पुस्तक उघडावं लागलं नाही.

मग आपलं शवविच्छेदन. वरून काळं कातडं तुकतुकीत. इंजिनाकडच्या टोकाला सुरी लावली तर आतून हिरवी भुकटी गळली. त्याच्या आत धागे काळे पडलेले, बरेचसे तुटलेले, आणि टोकाला बसवलेल्या तांब्याच्या लगशी इमान राखून असलेले मोजके. बोल्टखाली गंजाचा थर, त्यावर शेतातला चिखल वाळून बसलेला. पावसाळ्यात बांधाबांधाने गाडी घातली, आल्यावर धुतली, पाणी लगच्या फटीतून केबलीत चढलं आणि वर्षानुवर्षं आत राहिलं. तांबं, लोखंड आणि ओल एकत्र आले की काय होतं ते वेगळं सांगायला नको. दोन धातूंमध्ये पाणी म्हणजे एक छोटी बॅटरीच, फक्त ती बोल्टखालचं लोखंड खात होती; आपल्याला ओलच पुरली.

मला खरी शरम वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. कोणत्या जिल्ह्यात बसून आपण हे केलंत? ज्या भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांचं नाव दूरवर होतं, तिथल्या कोणत्याही आजीला ठाऊक आहे की कल्हई उडाली की भांडं कळकतं आणि ताक हिरवं होतं. आपल्या टोकाला जो तांब्याचा लग बसवतात, तोसुद्धा चांगल्या प्रतीचा असेल तर कथिलाचा मुलामा दिलेला असतो. म्हणजे कल्हईच. पितळेच्या गावात बिनकल्हईचं राहून कळकणं, याला धारिष्ट्य लागतं. याच जिल्ह्यात तुमसरकडे डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून जे मँगनीज डायऑक्साइड निघतं, ते कोरड्या सेलच्या कारखान्यांना जातं. गडेगावात ट्रकचे गिअरबॉक्स बनतात. वरठीला पोलाद. शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडला तांब्याची खाण. सेलचं खनिज, गिअर, पोलाद, तांबं, सगळं हाकेच्या अंतरावर, आणि आमची गाडी शेतावर जाईना, कारण वीतभर तारेने मनावर घेतलं होतं.

आपल्या जागी नवी नेमणूक झाली आहे. जाड, पन्नास चौरस मिलिमीटरची, शुद्ध तांब्याच्या बारीक धाग्यांची केबल. दोन्ही टोकांना कल्हईचे लग, हातोडीने ठेचलेले नाहीत, दाबयंत्राने दाबलेले, वर गरम करून आवळणारी नळी, म्हणजे पाणी चढणार नाही. इंजिनावरची जागा मिस्त्रीने काचपेपरने घासून पांढरी केली. रंगावर आणि गंजावर बोल्ट आवळणं म्हणजे कागदावर काम पूर्ण दाखवणं. मध्ये दातेरी वायसर, बोल्ट नीट आवळला, आणि ग्रीस त्यानंतर, वरून. आधी ग्रीस लावणारे असतात, त्यांच्याबद्दल मिस्त्री जे बोलला ते शासकीय पत्रात लिहिता येत नाही. बॅटरीची टोकं गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुतली, पुसली, कोरडी केली. बॅटरी सोडताना उणे टोक आधी काढायचं आणि जोडताना शेवटी लावायचं, म्हणजे पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही, हेही त्याने माझ्याकडून म्हणवून घेतलं. मग पुन्हा मीटर, पुन्हा सेल्फ. २.२ च्या जागी ०.१. खर्च विचाराल तर नव्या बॅटरीवर दुकानदाराने जी सूट दिली, तेवढ्यात आपली जागा भरली असती.

तरी सबब, आपणास खालीलप्रमाणे कळविण्यात येते.

आपल्याला कामावरून काढून टाकलं आहे. निवृत्तिवेतन नाही. आतलं तांबं भंगारात गेलं तर त्याचे पैसे मिस्त्रीच्या चहाच्या खात्यात जमा होतील. आपण थंडीचं कारण पुढे करून अपील कराल, तर गेला आठवडाभर पारा तोच आहे आणि गाडी पहिल्या हाकेला सुरू होते आहे, हे उत्तर आधीच फाइलला लावून ठेवलं आहे. खुलासा सात दिवसांत द्यावा. न दिल्यास आपलं म्हणणं काही नाही असं समजण्यात येईल. दिल्यासही तेच समजण्यात येईल.

आपला,
सेवानिवृत्त आस्थापना लिपिक
भंडारा

प्रत माहितीसाठी :
मा. शेजारचे काका, डिझेल गोठल्याचा अहवाल देणारे. पुढच्या हिवाळ्यात लडाखला जाऊन प्रत्यक्ष पाहणी करावी. प्रवासभत्ता मिळणार नाही.
चि. भाचा, पुणे. बीप ऐकली.
सेल्फ, यांच्याविरुद्धची तोंडी तक्रार मागे घेण्यात येत आहे. त्यांचे कार्बन बदलायला निघालेल्या मंडळींनी पाने खाली ठेवावेत.
लाल केबल, अधिक टोक. आपल्या नावे ०.३ व्होल्टची नोंद झाली आहे. तूर्त कारवाई नाही. उन्हाळ्यानंतर पुन्हा मोजणी होईल.